फाटकावरचा पत्रा

“मावशी, परत एकदा करा ना. पाटी डोक्यावरच राहू द्या, छान दिसते.”

फार्महाऊसवरची पाहुणी मोबाइल धरून उभी होती. वालाच्या शेंगांची पाटी डोक्यावर घेऊन मी बाहेर पडायला फाटकाची आगळ आतून काढत होते. दोनदा काढून दाखवली होती. तिसऱ्यांदा तिचा नवरा म्हणाला, “जरा हसा.” मी हसले. ते हसणं मला अजून खुपतं.

आमच्याकडची आगळ साधी. एका खांबाला आरपार भोक, दुसऱ्याला खोबण. आडवं लाकूड भोकातून सरकवायचं, टोक खोबणीत बसवायचं. फाटकाच्या फळ्यांत हात जाईल एवढी फट ठेवायची. बाहेरचा माणूस फटीतून हात घालतो, लाकूड सरकवतो, आत येतो, मागे लावून घेतो. गुरांना ते जमत नाही. आगळ गुरांसाठी असते. माणसाला अडवायला आमच्या गावात कुणी फाटक बांधलं नव्हतं.

शेठने फार्महाऊससाठी जमीन घेतली तेव्हा तिच्यातून माझ्या शेतावर जाणारी वाट होतीच. सासूच्या वेळेपासून. त्याने वाटेवर फाटक घातलं, हौसेने जुन्या पद्धतीची आगळ बसवली आणि बाहेरून पत्रा ठोकला. हात जाईना. मग रोज सकाळी हाक मारायची. “शेठ, आगळ काढा.” कधी त्याचा चहा चालू, कधी फोन. मी उन्हात उभी. चौथीपर्यंत शिकले, पण भीक मागायला शिकले नव्हते. ते त्या फाटकाने शिकवलं.

त्या दिवशी त्यांचं शूटिंग झालं, मी बाहेर पडले, मागून शेठने आगळ लावली. पाटी बाहेर थांबलेल्या सुनेच्या डोक्यावर दिली. दुसरी पाटी शेतातच होती. ऊन चढत होतं. सुकलेल्या शेंगा पनवेलच्या बाजारात कोण घेतो? मी हाक मारली.

आतून शेठ म्हणाला, “आम्ही पोपटीचं मडकं उघडतोय. तासाभराने ये.”

मघाशी ‘हसा’, आता ‘ये’.

सून म्हणाली, “आये, जाऊ दे. सांजच्याला येऊ.”

“नाय. आताच.”

कमरेचा विळा काढला. खिळ्याखाली टोक घातलं. पत्रा सुटून लोंबला. फटीतून हात घातला, लाकूड सरकवलं, आत गेले. सगळे भाजलेल्या शेंगांच्या मडक्याभोवती बसलेले. तोंडातला घास तोंडात.

शेठ उठला. “ही माझी प्रॉपर्टी आहे. पोलिसांना बोलवीन.”

“बोलव. वाट आमची हाय.”

शेतातली पाटी आणली. जाताना आगळ नीट लावली. त्याच्या झाडांशी माझं भांडण नाही.

त्याने पत्रा पुन्हा ठोकला, मोठ्या खिळ्यांनी. मी पुन्हा उचकटला. खिळा कुठून उचलायचा ते सुनेलाही दाखवून ठेवलंय, कारण माझे गुडघे आता फार दिवस चालणार नाहीत. पोलीस आले तर त्यांनाही याच वाटेने शेत दाखवायला नेईन. तो ठोकेल तेवढ्या वेळा आम्ही काढू. हाक मारणार नाही.