मॅनेजरबाईंनी दिलेली सुट्टी

गोंदिया स्टेशनवर बाबा डब्यात चढले, माझी बॅग बाकाखाली ढकलली आणि खाली उतरून खिडकीशी उभे राहिले. मी रडत होते. "काऊन रडून राहिली? कमवायले जाऊन राहिली ना?" ते एवढ्या मोठ्यानं म्हणाले की फलाटावरचे लोक वळून बघायला लागले. गाडी हलली तेव्हा मात्र त्यांनीच तोंड फिरवलं. गावी, दवनीवाड्याला परतायला त्यांना बस मिळाली की नाही, हे मी नंतर कधी विचारलंच नाही.

इंग्लंडमधल्या एका लहानशा गावी, म्हाताऱ्या माणसांच्या केअर होममध्ये मला काम मिळालं होतं. नर्सिंग इंग्रजीतून शिकले होते, भाषेची परीक्षाही पास झाले होते. पहिल्याच आठवड्यात एक आजी म्हणाल्या, त्यांना एक पेनी खर्च करायची आहे. मी पर्समधून नाणं काढून त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांना बाथरूमला जायचं होतं. त्या हसत राहिल्या आणि मी चादर बदलली. मग मी अशी वाक्यं वहीत लिहायला लागले. 'अंडर द वेदर' म्हणजे बरं वाटत नाही. 'नॉट टू बॅड' म्हणजे झकास. 'एकदा चहाला या' म्हणजे काहीच नाही. हे शेवटचं कळेपर्यंत दोन रविवार मी साडी इस्त्री करून वाट बघितली. तुमच्यापैकी जे बाहेर गेलेत, त्यांनीही अशी एखादी साडी घडी करून परत ठेवली असेल.

तिसऱ्या वर्षी बाबांना लकवा मारला. भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, बाबा तुहंच नाव घेऊन राहिले. येशील त आत्ताच ये."

दुसऱ्या दिवशी मॅनेजरबाईंकडे गेले. वडिलांचं सांगितलं, तीन आठवड्यांची सुट्टी मागितली. त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांचे डोळे भरले होते. "आय ॲम सो सॉरी. वी आर गोइंग टु हॅव टु लेट यू गो."

मला वाटलं, त्या म्हणताहेत, तुला जाऊ द्यायलाच हवं. मी तीनदा थँक्यू म्हटलं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

बाहेर येऊन लगेच फोन लावला. भावानं तो बाबांच्या कानाशी धरला. "बाबा, सुट्टी भेटली." त्यांची जीभ जड झाली होती, तरी शब्द कळले. "देव भलं करो तुह्या मॅडमचं."

संध्याकाळी हातात पत्र पडलं. सोबत काम करणाऱ्या केरळच्या मैत्रिणीनं ते वाचलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. 'लेट यू गो' म्हणजे कामावरून काढलं. केअर होमचा अर्धा भाग बंद होणार होता. माझा व्हिसा त्या कामावरच होता. थोड्या दिवसांत दुसरं काम मिळालं नाही तर देश सोडावा लागणार. मध्येच गोंदियाला गेले असते तर परत येणं नव्हतं, आणि धाकट्या बहिणीचं कॉलेज माझ्या पगारावर चालू होतं.

मी थांबले. भावाला खरं सांगितलं. बाबांना सांगायची हिंमत झाली नाही. "तिकीट भेटून नाही राहिलं," एवढंच मी त्यांना फोनवर म्हणायचे.

पाचव्या आठवड्यात एका लांबच्या शहरातून कामाचा होकार आला. त्याच्या दोन दिवस आधी बाबा गेले होते. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते शेवटपर्यंत सांगत होते, "माह्या पोरीले सुट्टी भेटली. येऊन राहिली." त्यांचं ते बोलणं भावानं कधी खोडलं नाही.

खरी सुट्टी मिळाली ती वर्षानंतर. दवनीवाड्यात पोचले तेव्हा उन्हं कलली होती. धानाची कापणी सुरू होती, भाऊ शेतावर होता. आई बाबांच्याही आधी वारलेली, बहीण कॉलेजला, त्यामुळे घरात एकटी भावजय होती. तिनं पदरानं खुर्ची पुसली आणि मला ओसरीवर बसवलं. ठेवणीतल्या कपात चहा आणला. मी उठून चुलीकडे जायला लागले, तर तिनं लगबगीनं मला परत बसवलं.

"लाजू नका ताई," ती म्हणाली, "आपलंच घर समजा."

ती मनापासून म्हणाली होती. या वाक्याचा अर्थ मला कुणाला विचारावा लागला नाही.