ढाळमामांचा तांब्या

ढाळमामा घरी आले की त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवायला आमच्या आईला भीती वाटायची. मामा अर्धं पाणी पीत आणि उरलेलं जमिनीवर ओतत. मग गुडघ्यांवर हात टेकून, ज्योतिषानं पत्रिका पाहावी तसा त्या पाण्याचा ओघळ पाहत बसत. "घराचा ढाळ दाराकडं हाय. हितं पावना टिकायचा न्हाई," असं काहीतरी निदान झालं की मगच चहाला हात लागे. फरशी पुसायचं काम अर्थात माझं.

ते माझे सख्खे मामा नव्हेत. पौडच्या अलीकडे आमचं गाव. गावामागच्या टेकडीवर आमचा माळ होता, त्यावर ते मेंढरं चारायचे. मुळशीचा पाऊस मेंढरांना सोसत नाही, म्हणून पावसाळ्यात कळप घेऊन पूर्वेला दौंडाकडे जायचं आणि पाऊस सरला की परत, अशी जन्मभर त्यांची ये-जा. या चालण्यातून त्यांची खात्रीच झाली होती की माणूस कसा निपजणार ते तो कुठल्या उतारावर जन्मला यावर ठरतं. ढाळ म्हणजे उतार. म्हणून अख्खं गाव त्यांना ढाळमामा म्हणे. एकदा त्यांना ताप आला तेव्हा दवाखान्यात वडिलांनी हेच नाव सांगितलं. डॉक्टरांनी वर न बघताच विचारलं, "ढाळ? किती वेळा?"

"जलमभर," मामा म्हणाले.

साखर-मिठाच्या दहा पुड्या मिळाल्या. त्या त्यांनी मेंढरांना चाटवल्या.

इतिहासही ते असाच सांगत. "बाहेरची फौज हितं का टिकली न्हाई? चिखलात घोडं घसरलं, धुक्यात वाट घावंना, आन् चार म्हैनं आभाळ गळतंय. पैली खोकली, मग हारली." डोंगराकडची माणसं ओरडून का बोलतात, तर या टेकाडावरून त्या टेकाडावर हाक पोचवायची असते. मग पुण्यातली माणसं हळू का बोलतात? "शेजारी भिताडाला कान लावून बसल्यात म्हनून." दौंडाकडची माणसं त्यांना गर्विष्ठ वाटत नसत. "आभाळाकडं बघून बघून मान वर ऱ्हायलीय बिचाऱ्यांची." स्वतः मामा मोबाइलवर बोलताना ज्या दिशेला समोरचा माणूस असेल तिकडे तोंड करून उभे राहत. नाहीतर आवाज डोंगरावर आपटून परत येतो, असं त्यांचं म्हणणं.

आम्ही पोरं हसायचो. वडील मात्र हसत नसत. मामांनी बोट दाखवलं त्या जागी आमच्या विहिरीला पाणी लागलं होतं, तेव्हापासून मामांचा शब्द आमच्या घरात अखेरचा. हे सगळं माझ्या लग्नात माझ्याच गळ्याशी आलं.

स्थळ आलं ते भूगावचं. मुलगा हिंजवडीत नोकरीला, आईबरोबर सातव्या मजल्यावर राहणारा, मूळ गाव दौंडच्या पुढे. आम्ही दोघं वर्षभर कंपनीच्या एकाच बसनं जात होतो आणि आमचं ठरलेलं होतं, हे घरी कुणालाच माहीत नव्हतं. पोहे आले. मामांनी घसा खाकरून पहिलाच प्रश्न टाकला, "पावनं, तुमच्या घरचं पानी कुटं जातं?"

तो बिचारा म्हणाला, "ड्रेनेजला."

"ते कुटल्या नदीला मिळतं?"

"नदीला नाही. सोसायटीचा प्लांट आहे. तेच पाणी परत बागेला वापरतात."

मामा वडिलांकडे वळले. "मंजी ह्यांचं पानी कुटंच जात न्हाई. जागच्या जागी फिरतं. पोरगं चक्कर हाय."

वडिलांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. आता 'कळवतो' म्हणणार आणि सगळं संपणार, एवढ्यात मुलाची आई बोलली. "आन् आमच्या गावचं इचारा की! तितलं पानी जातंय कुटलं? आदी यायला तर पायजे!"

मामांनी मांडीवर थाप मारली. "बाई सरळ हाय. हितं पोरगी द्या."

तरीही घर बघायला गेलोच. सातव्या मजल्यावर पोचताच मामांनी चकचकीत हॉलमध्ये तांब्या उपडा केला. ओघळ सोफ्याला वळसा घालून थेट सासूबाईंच्या खोलीत, दाराखालून आत गेला.

"सत्ता तिकडं हाय," मामा मला म्हणाले. "गोडीनं ऱ्हा."

सासूबाईंनी आतून फडकं आणून त्यांच्या हातात दिलं. "पुसा."

मामांनी निमूट पुसलं. आयुष्यात पहिल्यांदाच. त्या दिवसापासून दोघांची गट्टी जमली. सत्ता म्हणाल तर आजही तिकडेच आहे.

पुढे माळ गेला. टेकडीचे प्लॉट पडले आणि ते आमच्याच वडिलांनी पाडले. सांगायला गेले तेव्हा वडिलांची मान वर होईना. मामांनी कळप विकला आणि महाळुंग्याला थोरल्या लेकाकडे चौदाव्या मजल्यावर राहायला गेले. महिन्याभरात सुनेचा फोन आला, "मामंजी जेवत न्हाईत. येऊन जा."

मी आणि सासूबाई गेलो, तर मामा पार्किंगच्या उतारावर खुर्ची टाकून बसलेले. शेजारी बिहारचा वॉचमन. "सगळं सपाट केलंय गं हितं," मामा म्हणाले. "येवढाच एक ढाळ हाय. वर चढताना गाड्या कण्हत्यात, म्हनून मानसं सकाळधरनं चिडकी."

"जेवत का नाही?" मी विचारलं.

त्यांनी वॉचमनकडे बोट केलं. "ह्याला इचारलं, तुमारे गाव का पानी किदर जाता? काय म्हनला सांग रे."

वॉचमन लाजत म्हणाला, "बाढ़ का पानी कहीं नहीं जाता, मामाजी. हर साल हम ही जाते हैं."

"दोन दिस घास गेला न्हाई," मामा म्हणाले. "मला वाटायचं, आपनच लई चालतोय."

सासूबाईंनी त्यांना दटावून वर नेलं आणि गॅलरीत आमच्या देखत दोन भाकरी खायला लावल्या. गॅलरी दक्षिणेला होती. खाता खाता मामांनी उजवीकडे बघितलं. मुळशीचे, ताम्हिणीकडचे डोंगर निळे दिसत होते. मग मान हळूहळू डावीकडे नेली. तिकडे इमारतींच्या पलीकडे धुरकट सपाटी, दौंडाची वाट. पुन्हा उजवीकडे, पुन्हा डावीकडे.

"येवढंच?" ते म्हणाले. "मान फिरवली की संपलं की गं! आन् मी उगा पाय झिजवलं!"

आणि ते हसत सुटले. इतके, की कवळी ताटात पडली. सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या, सून हसली, मीही हसले. मामा डोळे पुसत होते आणि पुन्हा मान फिरवत होते.

त्यानंतर ते नीट जेवू लागले. रोज सकाळी गॅलरीत बसायचं, मान या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायची, परत आणायची आणि आत ओरडून सांगायचं, "आलो गं जाऊन. च्या टाक." सून म्हणायची, "दमला असाल, मामंजी."

दीड वर्ष असं चाललं. एका सकाळी हाक आली नाही. सुनेला वाटलं, आज रमले असतील वाटेत, म्हणून तिनं आपणहून चहा टाकला आणि आतूनच विचारलं, "मामंजी, कुठवर पोचलात?"