खिशातलं हळदीकुंकू

गेल्या फेब्रुवारीत एका शनिवारी सकाळी सिंगापूरच्या सेम्बावांग भागातल्या एका कॉन्डोच्या सामानाच्या लिफ्टमधून दोन गोष्टी एकाच वेळी खाली आल्या. ग्रीसमधल्या निर्वासितांच्या छावणीसाठी गोळा केलेल्या गरम कपड्यांची खोकी, आणि कांबळे कुटुंब. राहुल कांबळे, त्याची बायको प्रज्ञा आणि त्यांची आठ वर्षांची सम्यका. राहुल चिप बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होता. कंपनीने त्याचा प्रकल्प बंद केला, एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथला नोकरीचा परवाना, रद्द झाला, आणि त्याच्या पासावर आधारलेले बायको-मुलीचे पासही गेले. आवरून निघायला मिळालेली मुदत संपत आली होती.

प्रज्ञाची एक बॅग धरून मी लिफ्टमध्ये उभी होते. खोक्यांवर ‘फॉर रेफ्युजीज’ असं लिहिलेलं होतं. सम्यकाने ते वाचलं, मग स्वतःच्या बॅगांकडे पाहिलं.

"बाबा, धिस वन ऑल्सो आवर्स, आह?"

त्याच कॉन्डोत राहणाऱ्या देवधरांनी खोक्यांना टेकून उत्तर दिलं. "नो नो बेटा, हे गरिबांसाठी आहे."

पुण्यात मी एका वर्तमानपत्रात उपसंपादक होते. सिंगापूरला निघाले तेव्हा विमानतळावर आई म्हणाली होती, "तिकडे गेलीस की आधी आपली माणसं शोध." ती शोधावी लागली नाहीत. क्वीन्सटाउनमध्ये भाड्याच्या फ्लॅटचं कुलूप उघडलं त्याच आठवड्यात कुणीतरी मला एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतलं. ग्रुपचं नाव ‘आपली माणसं’. डोंबिवलीचे पोहे कुठे मिळतात, कोणत्या हॉकर सेंटरला शाकाहारी खाणं चांगलं, कुणाच्या ऑफिसात जागा आहे, हे सगळं तिथे कळतं. ग्रुपचे ॲडमिन देवधर. रॅफल्स प्लेसला एका बँकेच्या तंत्रज्ञान विभागात मॅनेजर. तुम्ही पुण्यातले लोक फोनवर विचारता, तिथे आपली माणसं आहेत ना गं? आहेत. त्यांनी काय केलं ते क्रमाने सांगते.

संक्रांतीला देवधर वहिनींनी जाहीर केलं की यंदा हळदीकुंकवाला प्लास्टिकचे डबे लुटायचे नाहीत. युरोपातल्या निर्वासितांची चित्रफीत त्यांनी पाहिली होती आणि त्यांना जेवण गेलं नव्हतं. प्रत्येकीने घरातले गरम कपडे आणायचे, हेच यंदाचं वाण. विषुववृत्तावर राहणाऱ्या बायकांकडे गरम कपडे कुठून, असा प्रश्न पडू नये. स्वित्झर्लंडच्या सहलीची जॅकेटं प्रत्येकीच्या कपाटात होती. बहुतेकांची एकदाच घातलेली, फोटोपुरती.

बॅनरवर काय लिहायचं, हे मला विचारण्यात आलं, कारण मी पेपरवाली. मी सांगितलं, ‘निर्वासितांसाठी’.

"शी, त्याने एकदम उल्हासनगर वाटतं," देवधर वहिनी म्हणाल्या.

"मग ‘स्थलांतरितांसाठी’."

"अगं, म्हणजे आपणच की!"

बायका हसल्या. देवधर हसले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं की आपण एक्सपॅट. ते लोक बोटीतून येतात, आपण बोर्डिंग पास घेऊन येतो. रांगेत उभं राहून आलेल्या माणसाला आणि कुंपणावरून उडी मारून आलेल्याला एकच शब्द कसा चालेल? मराठीत योग्य शब्द नाही असं ठरलं आणि बॅनर इंग्रजीत झाला.

प्रज्ञा त्या हळदीकुंकवाला नव्हती. ती त्याच कॉन्डोत, चार मजले खाली राहायची. मी वहिनींना विचारलं.

"त्यांच्यात नसतं ना गं. बोलावलं तर उगाच त्यांनाच ऑकवर्ड."

उतरताना मी प्रज्ञाकडे गेले. ती हसली. "बोलवायला नाही आल्या. स्वेटर मागायला मात्र आल्या होत्या." तिने सम्यकाचं निळं जॅकेट दिलं होतं. जपानच्या सहलीसाठी घेतलेलं, मुलीचं एकुलतं एक. त्या दिवसापर्यंत राहुलची नोकरी होती.

नोकरी गेल्यावर त्याने देवधरांना गाठलं, कारण देवधरांच्या टीममध्ये एक जागा रिकामी असल्याचं देवधरांनीच ग्रुपवर टाकलं होतं. कॉन्डोच्या खालच्या हॉलमध्ये खोकी भरणं चालू होतं. राहुल तिथे आला आणि काही न बोलता चिकटपट्टी लावायला बसला. दोन खोकी बंद झाल्यावर त्याने विचारलं.

"देवधर, ती जागा अजून आहे ना?"

"आहे ना. बघू."

"सीव्ही पाठवलाय मी तुम्हाला. महिन्याच्या आत काही झालं नाही तर आम्हाला निघावं लागेल. सम्यकाची शाळा आहे इथे."

"बघू म्हटलं ना रे. पण मी असं कुणाला पुढे करत नाही. इथे सगळं मेरिटवर चालतं."

मेरिट हा शब्द कुणासमोर उच्चारला जातो आहे, हे हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. राहुलने चिकटपट्टी खाली ठेवली, उरलेला तुकडा कात्रीने नीट कापला आणि तो गेला. ‘बघू’ या शब्दाचा अर्थ मी तुम्हाला सांगायला नको. तो तुमच्याकडूनच इथे आला आहे.

एप्रिलमध्ये त्या जागेवर कोथरूडहून एक इंजिनिअर रुजू झाला. तो देवधरांचा मावसभाऊ आहे. तो मेरिटवर आला किंवा कसं, याला दुजोरा मिळू शकला नाही.

खोकी रवाना होण्याआधी आणखी एक गोष्ट झाली. देवधर वहिनींना आठवलं की कपडा कुणालाही कोरा देऊ नये आणि खिसा रिकामा देऊ नये. त्यांनी हळदीकुंकवाच्या पुड्या आणल्या आणि बंद झालेली खोकीही उघडून प्रत्येक जॅकेटच्या खिशात एकेक घातली. सोबत तिळगूळ.

"अहो, पण ते लोक मुसलमान असतील ना?" एकीने विचारलं.

"शकुन सगळ्यांनाच लागतो," वहिनी म्हणाल्या.

मग ती शनिवारची सकाळ. कांबळे विमानतळाच्या टॅक्सीत बसले. टॅक्सी वळायच्या आत माझ्या फोनवर ओळ उमटली, ॲडमिनने राहुल कांबळे यांना ग्रुपमधून काढलं. प्रज्ञालाही. नियमच आहे, ग्रुप सिंगापूरमध्ये राहणाऱ्यांसाठी आहे. त्यानंतर लगेच देवधरांनी खोक्यांचा फोटो टाकला. खाली हात जोडल्याची चित्रं आली, मोजता येणार नाहीत इतकी.

खोकी समुद्रमार्गे गेली. पोहोचेपर्यंत युरोपातला हिवाळा संपला होता. शिवाय वाटेत पुड्या फुटल्या. छावणीत कपडे वाटणाऱ्या संस्थेने देवधर वहिनींना मेल पाठवला. कस्टमला कपड्यांच्या खिशांत पिवळी आणि लाल अनोळखी पूड सापडली आहे, त्यामुळे माल बंदरावर अडवला आहे. ही पूड काय आहे हे पाठवणाऱ्याने सही करून कळवावं, मग खोकी सोडवता येतील.

एक सही हवी होती. हळद म्हणजे काय, एवढंच लिहायचं होतं. ग्रुपवर दोन दिवस चर्चा चालली. आधी राग. आपण इतक्या प्रेमाने दिलं आणि त्यांना किंमत नाही, भिकाऱ्याला नखरे फार. मग कुणीतरी लिहिलं की परदेशातल्या कस्टमकडे आपलं नाव गेलं आणि उद्या पास रिन्यू होताना काही निघालं तर? त्यानंतर ग्रुप शांत झाला. रांगेत उभं राहून, बोर्डिंग पास घेऊन आलेल्या एकाही एक्सपॅटने सही केली नाही. देवधरांनी मला फोन केला. "तू कर ना. तुझं लिखाण चांगलं आहे." मी त्या संस्थेला पूड काय आहे ते लिहून पाठवलं. त्यांनी आभार मानून कळवलं की सही खोकी पाठवणाऱ्याचीच लागते. देवधरांना मी तो मेल पुढे पाठवला. त्यांचं उत्तर एका शब्दाचं होतं.

बघू.

आई अजून फोनवर विचारते, आपली माणसं भेटतात का. गेल्या रविवारी मी तिला सांगितलं की ती नेदरलँड्समध्ये असतात. तिला वाटलं मी थट्टा करते आहे.

राहुलला नागपूरला काही महिने काढल्यावर नेदरलँड्समध्ये नोकरी मिळाली. तिघं नोव्हेंबरात तिथे पोहोचले. पहिल्याच आठवड्यात सम्यकाला थंडी बाधली. शेजारच्या बाईने प्रज्ञाला गावातल्या एका चर्चच्या हॉलमध्ये नेलं. तिथे जुने कपडे मांडलेले असतात आणि नव्याने आलेलं कुणीही येऊन घेऊन जातं. रांगेत तिच्या पुढे सुदानची एक बाई होती, मागे युक्रेनची एक आजी. टेबलामागच्या स्वयंसेवकाने मुलीचं माप विचारलं. पासाबद्दल काही विचारलं नाही.

ग्रीसमधली खोकी या महिन्यापर्यंत बंदरावरच्या गोदामात होती, असं त्या संस्थेने मला कळवलं. सम्यकाचं निळं जॅकेट त्यांतल्याच एका खोक्यात आहे. चर्चमधून मिळालेलं जॅकेट तपकिरी आहे. घरी आल्यावर प्रज्ञाने त्याचे खिसे तपासले. ते रिकामे होते.