सोळा जणांचं करपलं वरण

माझ्या वरणाला यवतमाळात नाव आहे, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते. स्वतःच्याच तोंडानं सांगते, कारण माझी जाऊ काही ते सांगायची नाही. तिची खानावळ माझ्या दोन घरं अलीकडे. कॉलेजची पोरं, बँकेतले एकटे राहणारे बाबू, उमरखेडहून कोर्टकचेरीला आलेली माणसं, सगळे तिच्या दारावरून पुढे येऊन माझ्याकडे बसतात ते तुरीच्या वरणासाठी. तिला हे वर्षानुवर्षं खुपतं आणि मला वर्षानुवर्षं बरं वाटतं.

दोनेक वर्षांमागे आमच्या गावात हॉकीचे सामने भरले. बाहेरून पगारी खेळाडू आले. त्यातला एक संघ शेजारच्या शाळेत उतरला आणि त्यांचं जेवण माझ्याकडे आलं. सोळा धिप्पाड माणसं. म्हटलं, दाबून खातील, वाढायची हौस फिटेल आपली. कशाची हौस अन् कशाचं काय! एकजण उकडलेल्या अंड्यातलं पिवळं काढून टाकायचा आणि त्याच्या समोरचा फक्त तेवढंच खायचा. दुसरा भाताआधी मूठभर कच्चा लसूण चावायचा आणि मग शेजाऱ्याच्या तोंडाशी तोंड नेऊन गप्पा मारायचा. एकानं तर माझी लिंबाच्या लोणच्याची बरणी उचलली, फोडी तशाच ठेवल्या आणि वरचा खार कपात ओतून चहासारखा प्यायला. मी किंचाळलेच. तर म्हणे, यानं पळताना पायात गोळे येत नाहीत. त्याच्या पायांचं माहीत नाही, माझं वर्षाचं लोणचं मात्र कोरडं पडलं.

त्यांचा कप्तान गोलकीपर होता. वरच्या मुलखातला, चाळिशीला टेकलेला, मला मौसी म्हणायचा. त्यातल्या त्यात तोच माणसासारखा जेवतो असं मला वाटलं होतं.

पहिल्याच संध्याकाळी घात झाला. मोठ्या गंजात वरण उकळत होतं आणि नळ आले. आमच्याकडे नळ आले म्हणजे सगळी कामं टाकून धावायचं असतं. बादल्या, ड्रम, कळशा भरेस्तोवर वरण बुडाशी असं लागलं की वास रस्त्यापर्यंत. सोळा जण पाटावर बसलेले. दुसरं शिजवायला वेळ नाही. मी लसणाची फोडणी ओतली, वरून भरपूर सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, टाकला आणि मान खाली घालून वाढलं. कोणी चकार शब्द काढला नाही. जेवले, हात धुतले, गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी ते पाच-शून्यानं जिंकले. त्या संध्याकाळी मी पापक्षालन केल्यासारखं वरण केलं. साजूक तूप, जिरं, इवलासा गूळ. कप्तानानं वाटी नाकाशी नेली, खाली ठेवली आणि सरळ स्वयंपाकघरात आला. म्हणाला, "मौसी, कल वाली दाल."

मी सांगितलं, बाबा, कालचं करपलं होतं. तो म्हणाला, तेच हवं. मग त्यानं मला त्यांचा कायदा समजावला. ज्या जेवणावर सामना जिंकला, तेच जेवण सामने संपेपर्यंत. तेच पाट, तेच शेजारी, आणि सगळ्या पंगतीला एकाच गंजातलं वरण. लसूणवाल्याच्या शेजारचा बिचारा जागा बदलून मागत होता, त्यालाही दटावून बसवलं.

आता बोला! घरोघरी भाजी जरा लागली तर नवरे घर डोक्यावर घेतात आणि हे मागून खातात. ते तुपातलं वरण मी परत गॅसवर चढवलं आणि स्वतःच्या हातानं जाळलं.

मुद्दाम जाळणं सोपं नाही हो. हात आपोआप पळीकडे जातो. गॅस मोठा करून मी हात पदरात गुंडाळून उभी राहायची. कमी लागलं तर उपयोग नाही, जास्त लागलं तर कडू जहर. बाकीच्या गिऱ्हाइकांसाठी वेगळं वरण करत होते, पण वासाला काय वेगळं सांगणार? बँकेतल्या एका बाबूनं तब्येत विचारली. दुसरे दोघे न विचारता जावेकडे जेवायला गेले. मग ती स्वतःच आली, दारात उभी राहून दोनदा नाक ओढलं आणि म्हणाली, "काहून वं बाई, आजकाल ध्यान नाही वाटते तुह्यं?"

मी खरं कारण सांगितलं. तिनं ते गल्लीभर पोचवलं, वर आपलं शेपूट जोडून, की आता म्हणते, मी मुद्दाम जाळते. माझा नुसता संताप झाला. इकडे हे मेले जिंकतच होते. तीन सामने जिंकले.

अंतिम सामन्याच्या आदल्या संध्याकाळी सामने भरवणाऱ्यांचा निरोप आला, गावातली प्रतिष्ठित मंडळी संघाबरोबर पंगतीला बसणार. माझ्याकडे! मी दोन गंज चढवले. कप्तान आला आणि हात जोडून म्हणाला, गंज एकच. ही त्याची शेवटची स्पर्धा होती. माझा जीव विरघळला. एक गंज उतरवला.

वरण लागायला लागलं. कधी बंद करायचं हे एव्हाना मला झोपेतही कळलं असतं. पण बाहेर पाहुण्यांचा आवाज, आणि पाठीशी मदतीच्या नावाखाली आलेली जाऊ. माझा हात गेला आणि मी गॅस बंद केला. बुडाला जेमतेम डाग. पाहुण्यांपैकी एकानं दुसऱ्यांदा वरण मागितलं. खेळाडू एकमेकांकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी ते एका गोलानं हरले. मी मैदानावर होते. साधा, सरपटत आलेला चेंडू होता.

संध्याकाळी सगळे येऊन आपापल्या पाटावर बसले. मला राहवलं नाही. कप्तानासमोर जाऊन माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं कबूल केलं, की लोकांपुढे लाज वाटली म्हणून मी गॅस लवकर बंद केला, तुमचा कप माझ्या नाकापायी गेला. बोलता बोलता मला रडू आलं.

तो म्हणाला, "मौसी, गोल मेरी टांगों के बीच से गया. दाल का क्या कसूर?" मग खाली बघत म्हणाला, "सच कहूँ? चार दिन में कल पहली बार दाल गले से उतरी."

लोणच्याचा खार पिणारा फस्सकन हसला. मग लसूणवाला. मग सगळेच. एकेकानं कबुली दिली, कोणी नाक दाबून खात होता, कोणी न चावता गिळत होता. सोळातल्या एकालाही ते वरण आवडलं नव्हतं. माझं रडू जागच्या जागी आटलं. चार दिवस मी माझं नाव जाळत होते ते यांच्यासाठी! मी पळी उगारली.

"मेल्याहो, मंग बोलले काहून नाही?"

मराठी त्याला येत नव्हती, पण पळी कळली. तो म्हणाला, "जीत तो रहे थे ना, मौसी."

मी त्यांना तासभर थांबा म्हटलं आणि आत जाऊन डाळ धुवायला घेतली.