ताई आणि तपशीलराव

माझी थोरली बहीण लोकांच्या माना, पाठी, खांदे आणि गुडघे नीट करते. फिजिओथेरपिस्ट आहे. तिला दिसत नाही. ही वाक्यं मी याच क्रमानं सांगते, कारण उलट्या क्रमानं सांगितली की लोकांना तिचं काम ऐकूच येत नाही.

लहानपणी तिला जाड भिंगाचा चष्मा होता. मग तोही पुरेना, आणि शाळा संपायच्या आत नजर पूर्ण गेली. राग मात्र शाबूत राहिला, असं आमची आई म्हणायची. तिचा दवाखाना आमच्याच इमारतीत तळमजल्यावर आहे. आत दोन पलंग, व्यायामाची वजनं, रबरी पट्टे, भिंतीला लावलेला लाकडी दांडा. बाहेरच्या खोलीत मी. फोन घ्यायचा, वेळा द्यायच्या, आणि आतला पेशंट उठायचं नाव घेत नसेल तर दारावर टकटक करायची, ही माझी कामं.

ताई पेशंटना रागावते आणि पेशंटना ते आवडतं.

"व्यायाम केलात?"

"केला की, मॅडम."

"खोटं बोलू नका. खांदा माझ्या हातात आहे."

वरच्या मजल्यावरचे लेखक आमच्याकडे आले ते आखडलेली मान घेऊन. बँकेतली नोकरी मुदतीआधी सोडून ते कादंबऱ्या लिहायला बसले होते. दोन छापून झाल्या होत्या, तिसरी चालू होती. गृहस्थ सज्जन. जिन्यात भेटले की हसणारे, जड पिशवी दिसली की हातातून घेणारे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला ते कुणीतरी भयंकर वाटतील. तसे ते नव्हते. म्हणूनच तर त्यांना हाकलता येत नव्हतं.

मान सुटायला लागली तशी त्यांची जीभही सुटली. पालथं झोपल्या झोपल्या ते म्हणाले, "मॅडम, एक विचारू? माझ्या नव्या कादंबरीची नायिका दृष्टिहीन आहे. म्हणजे प्रज्ञाचक्षू."

"आंधळी म्हणा. लवकर संपतं," ताई म्हणाली.

"वाचकाला सगळं खरं वाटलं पाहिजे. मला फक्त तपशील हवेत."

ताईला आधी बरंच वाटलं. कुणीतरी लिहिण्याआधी विचारतंय, ही काय कमी गोष्ट झाली? तिनं सांगितलं, जिना कसा उतरते, दुकानदार सुट्टे पैसे तिच्याऐवजी माझ्या हातात कसे देतो, पेशंटच्या पावलांवरून त्याचा कुठला गुडघा दुखतो ते कसं कळतं. ते खूश झाले. आणि मग रोज यायला लागले.

"तुम्हाला सगळीकडे काळोख दिसतो ना?"

"आत्ता तुमच्या पाठीमागे काय दिसतंय? काळं दिसतंय?" ताईनं उलट विचारलं.

"नाही. काहीच नाही."

"झालं तर मग."

हे उत्तर त्यांना पटलं नसावं, कारण दोन दिवसांनी काळोखाचाच प्रश्न वेगळ्या शब्दांत आला. मग स्वप्नांचा आला. मग पाऊस कसा वाटतो. ("ओला," ताई म्हणाली.) मग माणूस देखणा आहे हे कसं ओळखता. आणि शेवटी, तो येणार हे मला माहीतच होतं, चेहऱ्याचा प्रश्न आला.

"तुम्ही माणसाच्या चेहऱ्यावरून हात फिरवून त्याला ओळखता का?"

"मी लोकांच्या मानेला हात लावते. चेहऱ्याला कशाला लावू? ओळख पटवायची तर नाव विचारते."

"पण कधीतरी, एखाद्या हळव्या क्षणी?"

"उठा. तुमची वेळ संपली."

मान केव्हाच बरी झाली होती. माणूस मात्र हलेना. बाहेर दुखरे गुडघे घेऊन माणसं ताटकळत बसायची आणि आतून ऐकू यायचं, "एवढा एकच तपशील." मी टकटक करून करून थकले. ताईनंच त्यांचं नाव तपशीलराव ठेवलं, आणि ते इतकं चिकटलं की एकदा फोनवर माझ्या तोंडून तेच निघालं. त्यांना वाटलं, कौतुकानं म्हणतेय.

मग स्वारी घरी यायला लागली. ताईच्या ओट्यावर एकसारखे दोन डबे आहेत. साखरेच्या डब्याला एक रबर बांधलेलं, मिठाच्या डब्याला दोन. तपशीलरावांना या रबरांचं कोण अप्रूप! त्यांनी ती काढून पाहिली, ताणून पाहिली, "किती साधं, किती सुंदर," म्हणाले, आणि परत चढवताना अदलाबदल केली. संध्याकाळी भावोजींनी ताईच्या हातच्या चहाचा घोट घेतला आणि तसाच खिडकीतून बाहेर थुंकला. भावोजी शाळेत गणित शिकवतात, मनानं फार गरीब. तरी तेसुद्धा म्हणाले, "या माणसाला आवरा."

आवरणार कसं? तोंडावर नाही म्हटलं की त्यांचा चेहरा एवढासा व्हायचा. तो ताईला दिसत नव्हता, पण मला दिसायचा आणि मलाच कानकोंडं व्हायचं.

एका सकाळी वरून धडधड आवाज आला आणि मागोमाग त्यांच्या बायकोची किंकाळी. आम्ही धावलो. तपशीलराव जिन्याच्या मधल्या वळणावर पडले होते. डोळ्यांवर बायकोची ओढणी घट्ट बांधलेली, मनगट भलत्याच कोनात वळलेलं. नायिकेचा अनुभव घेण्यासाठी ते उठल्यापासून आंधळे होऊन घरात वावरत होते. दोन कप फोडून झाल्यावर त्यांचा आत्मविश्वास वाढला आणि ते जिना उतरायला निघाले.

"मॅडम," कळ सोसत ते म्हणाले, "आता मला कळलं हो, कसं वाटतं ते!"

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पडल्यावर कसं वाटतं ते कळलंय तुम्हाला," ती म्हणाली. "ते मला पेशंट रोज सांगतात. मी गेली कित्येक वर्षं या जिन्यावरून खाली येतेय, एकदा तरी पडले का?"

त्यांची बायको ओढणी सोडत रडवेल्या आवाजात म्हणाली, "मागच्या कादंबरीत नायक उपाशी होता, तेव्हाही यांनी मला असंच जेरीला आणलं होतं."

हाड मोडलं होतं. प्लास्टर निघाल्यावर मनगट मोकळं करायला ते कुणाकडे येणार? आमच्याकडेच. आता खरोखरचे पेशंट होते, त्यामुळे मलाही काही बोलता येईना. ताई मनगट वळवायची आणि ते दुसऱ्या हातात कागद धरून तिला प्रकरणं वाचून दाखवायचे.

नायिका तळ्याकाठी बसायची. वाऱ्याच्या झुळुकेवरून नायक आल्याचं ओळखायची. त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवायची. (इतकं सांगूनही!) तिला फसवणाऱ्या दिरालाही ती क्षमा करायची आणि मंद हसायची. दर दोन पानांनी मंद हसायची. मी बाहेर फोन धरून बसलेली असायची आणि तरी माझे दात शिवशिवायचे.

एक दिवस ताईचा बांध फुटला.

"ही बाई चिडत का नाही?"

"चिडेल कशाला? तिनं सगळं स्वीकारलंय."

"काय स्वीकारलंय? कपाटाचं दार स्वीकारलंय?"

"कसलं दार?"

मग ताईनं सांगितलं. मी आधी ऐकलेलं होतं, तरी कान टवकारून बसले. भावोजींना कपाटाची दारं अर्धवट उघडी टाकायची सवय. काही काढलं की विचारात गुंग होऊन निघून जातात. स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटाच्या दाराची कड बरोबर ताईच्या कपाळाला येते. लग्न झाल्यापासून ती सांगतेय, भावोजी दर वेळी मनापासून माफी मागतात, आणि दार पुन्हा उघडंच. मागच्या रविवारी तिला असा फटका बसला की ती खालीच बसली. भावोजी बाहेर गेले होते. तिनं स्क्रू ड्रायव्हर घेतला, स्टुलावर चढली आणि स्वयंपाकघरातल्या सगळ्या कपाटांची सगळी दारं उतरवली. स्क्रू वाटीत ठेवले. दारं बाहेरच्या बोळात भिंतीला टेकवून उभी केली. भावोजी आले ते त्यांना अडखळून भुईसपाट.

"ही इथे कुणी ठेवली?"

"मी ठेवली. दिसली नाहीत का?"

"त्यानंतर आमचं बोलणं बंद आहे," ताई तपशीलरावांना म्हणाली. "मला माझाही राग आला, त्यांचाही आला. त्यांचा गुडघा सुजलाय, तो मीच शेकते, पण बोलत नाही. असं असतं. तुमच्या बाईला तळ्याकाठी बसायला वेळ कुठून मिळतो?"

त्या दिवशी त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. वेळ संपली तेव्हा मी टकटक न करताच ते बाहेर आले आणि जाताना माझ्याकडे बघायचंही विसरले.

मला वाटलं, चला, डोक्यात प्रकाश पडला. ताईलाही वाटलं असावं, कारण मनगट बरं होऊन त्यांचं येणं थांबलं तरी ती मधूनच विचारायची, "वरून टाइप केल्याचा आवाज येतो का गं?"

ताई-भावोजींचं बोलणं यथावकाश सुरू झालं. दारं गच्चीवर गेली. कपाटं उघडीच राहिली, आणि भावोजी येणाऱ्या-जाणाऱ्याला ती एखाद्या नव्या फॅशनसारखी दाखवायला लागले.

बऱ्याच महिन्यांनी तपशीलरावांनी माझ्या टेबलावर पुस्तक ठेवलं. ताईसाठी त्यांनी मजकूर तिच्या फोनवरही पाठवला होता, हे मात्र शहाणपणाचं केलं. तिचा फोन इतक्या वेगानं वाचतो की आम्हा बाकीच्यांना मिक्सर लावल्यासारखं वाटतं. ती ओट्याशी उभी राहून भाजी चिरत ऐकत होती. मी शेंगा सोलत होते. मधेच तिची सुरी थांबली.

"हिला दिसतंय."

"कुणाला?"

"नायिकेला! विम्याच्या ऑफिसात कामाला आहे, घड्याळात बघतेय, आरशात बघतेय. डोळे दिले गं हिला!"

आणि त्या डोळस बाईचा नवरा कपाटाची दारं उघडी टाकत होता. तिच्या कपाळाला दार लागत होतं. ती स्टुलावर चढून दारं उतरवत होती, बोळात उभी करत होती, नवरा पडत होता आणि ती म्हणत होती, दिसली नाहीत का?

"अगं, तुला दिसतंय तर दार लाव ना, बाई!" ताई फोनवर ओरडली. "आणि माझं वाक्य! हिच्या तोंडात त्या वाक्याला अर्थ काय उरला? कुठलीही बायको कुठल्याही नवऱ्याला म्हणेल ते."

सुरी ठेवून ती तरातरा वर गेली. मी मागून. तपशीलरावांनी दार उघडलं आणि तिचा अवतार पाहून दोन पावलं मागे सरकले.

"मी तुमचंच लिहिलं होतं, मॅडम," ते अजिजीनं म्हणाले. "अगदी तसंच. चिडकी, भांडकुदळ... म्हणजे, क्षमा करा. पण संपादक म्हणाले, आंधळी बाई अशी वागत नाही. वास्तव वाटत नाही. एक तर तिला शांत करा, नाहीतर डोळे द्या. तुमच्या रागाला हात लावायचं माझ्या जिवावर आलं. म्हणून डोळे दिले."

ताईनं फोन हातात घेतला. मग म्हणाली, "नंबर द्या त्यांचा."

फोन तिनं तिथूनच लावला. संपादकांनी ती कोण हे समजल्यावर आवाज मोठा आणि संथ केला, लहान मुलाशी बोलतात तसा. तुमचं फार कौतुक वाटतं, म्हणाले. तुमच्यासारख्यांकडून आम्ही किती शिकतो, म्हणाले. ताई दोनदा "अहो, ऐका" म्हणाली. त्यांनी ऐकलं नाही. तिनं फोन बंद केला, तपशीलरावांच्या बायकोकडे पाणी मागितलं, प्यायली आणि खाली आली. इतकी शांत ती मी कधी पाहिली नव्हती. मला तिचं वाईट वाटलं आणि ते तिला कळू नये म्हणून मी शेंगा सोलत राहिले.

रात्री जेवणं झाल्यावर भावोजी पुस्तक चाळत होते. सुरुवातीचं आभाराचं पान फोनवर पाठवलेल्या मजकुरात नव्हतं. ते भावोजींनी मोठ्यानं वाचलं: "ज्यांच्या सहवासाशिवाय हे लेखन अशक्य होतं, त्या सोशिक आणि सदैव हसतमुख भगिनीस."

"परत वाचा," ताई म्हणाली.

भावोजींनी वाचायचा प्रयत्न केला, पण "सदैव"च्या पुढे त्यांना जाता येईना. हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी तोंडावर पदर धरला. ताई आमच्याकडे तोंड करून कमरेवर हात ठेवून उभी होती आणि म्हणत होती, "कोण हसतमुख? कोण सोशिक?" शेवटी तिलाही हसू आवरेना, आणि त्याचाही तिला राग आला.

दुसऱ्या दिवशी तिनं मला बजावलं, "त्यांना आता वेळ द्यायची नाही. काही दुखलं तर दुसरीकडे जा म्हणावं."

त्यांचा खांदा आखडला तेव्हा मी तसंच सांगितलं. ते समोरच्या रस्त्यावरच्या दवाखान्यात जायला लागले. तिथला माणूस पेशंटशी अवाक्षर बोलत नाही म्हणे. बाहेर पडल्यावर ते थोडा वेळ फुटपाथवर उभे राहतात, आमच्या खिडकीकडे बघतात आणि मी दिसले की हात हलवतात. मीही हलवते. ताईला अजून सांगितलेलं नाही.