आईचं कपाळ

देवासला आमच्या घरी आई रोज सकाळी कपाळाला मेणाचं बोट टेकवून त्यावर ठसठशीत कुंकू लावायची, जुन्या बायका लावतात तसं, आणि मग खिडकीशी बसून येशूची प्रार्थना करायची. तिला यात काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही.

काही वर्षांपूर्वी धारला मावशीकडे असताना ती फार आजारी पडली होती. तिथल्या दवाखान्यातली एक नर्स ड्यूटी संपली तरी तिच्या उशाशी बसून प्रार्थना करायची. आई बरी होऊन परतली ती येशूचं नाव घेतच. बाबा आमचे नेमानं देवपूजा करणारे, पण भांडणारे नव्हेत. ते एवढंच म्हणाले, "तू जा गिरजात, माझी मना नाही. पण मी आहे तोवर कपाळ रिकामं नको ठेवू. मला पाहवणार नाही." आईनं शब्द दिला. नवराबायकोत विषय तिथंच मिटला.

चर्चमध्ये मात्र तो मिटला नाही. बाप्तिस्म्याच्या दिवशी आई हौदातून वर आली तेव्हा कुंकू पाण्यानं धुऊन गेलं होतं. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. बाईनं जुनं सगळं सोडलं, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. पुढच्या रविवारी आई पुन्हा कुंकू लावून हजर झाली, तेव्हा सगळ्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते.

चर्चमधल्या एका वडीलधाऱ्यांची बायको, जिला सगळे दीदी म्हणतात, तिनं आईला बाजूला घेतलं. "बहनजी, पहले ये पोंछ लो, फिर प्रभुभोज लेना. गवाही दिखनी चाहिए." म्हणजे विश्वासाची साक्ष बाहेरूनही दिसली पाहिजे. आईनं तिला बाबांना दिलेल्या शब्दाबद्दल सांगितलं. दीदींनी सगळं ऐकून घेतलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

तेव्हापासून प्रभुभोजनाच्या रविवारी, येशूच्या आठवणीसाठी वाटतात त्या भाकरीच्या तुकड्यांची ताटली आमच्या रांगेत आली की आईला वगळून माझ्याकडे यायची. माझा बाप्तिस्मा आईबरोबरच झाला होता, खरं तर ती एकटी पडू नये म्हणून. टिकलीनं मला खाज येते, म्हणून माझं कपाळ शाळेपासून उघडंच. तेवढ्यावर मी पास! आत काय चाललंय हे मला कुणी विचारलं नाही. प्रार्थनेत डोळे मिटून मी पुष्कळदा संध्याकाळच्या भाजीचा विचार करत असते. आणि जिचे डोळे गाणं सुरू झालं की भरून यायचे, ती शेजारी हात जोडून नुसती बसलेली. माझा संताप व्हायचा.

"सोड ना हे चर्च," मी एकदा तडकून म्हटलं. "देव माणसाचं मन पाहतो, असं हेच सांगतात आणि हेच कपाळ बघत बसतात."

"राहू दे ना. त्यांची तकलीफ मला समजते," आई म्हणाली. "एक दिवस पास्टर भिया स्वतःच देतील बघ." पास्टर मनानं चांगले होते, पण मंडळीत फूट पडेल म्हणून गप्प राहायचे. आई मात्र प्रत्येक वेळी घरून आशेनं निघायची. तिला ती भाकर खरंच हवी होती.

मागच्या हिवाळ्यात बाबा गेले. धामनोदहून आत्या आली. तिनंच पदर ओला करून आईचं कुंकू पुसलं, मेणासकट. पुसता पुसता म्हणाली, "हिला काय फरक पडतो, ही तर गिरजावाली." आईला फरक पडत होता. बाबा गेल्यापासून ती नीट जेवलीही नव्हती. मला आत्याचा हात धरून बाजूला करावासा वाटला, पण घर माणसांनी भरलेलं होतं.

तेरावं उरकल्यावर आई म्हणाली, चर्चला जाऊ या. दारातच दीदींनी तिला मिठी मारली. रडल्यासुद्धा, आणि ते रडणं खोटं नव्हतं. मग आईच्या कपाळाकडे पाहून, तिचा हात धरून त्यांनी तिला पहिल्या रांगेत नेलं. "अब कोई रोक नहीं, बहनजी." त्या दिवशी नेमकं प्रभुभोजन होतं. ताटली दीदींनी स्वतःच्या हातानं आईपुढे धरली. मागून कुणीतरी "हालेलुया" म्हटलं.

आईनं ताटलीकडे पाहिलं, हात जोडले आणि मान हलवून नको म्हटलं. दीदींना काही कळेना. मग ताटली माझ्यापुढे आली. मीही घेतली नाही.

परतताना मी रस्त्याच्या कडेला स्कूटर थांबवली. "इतकी वर्षं वाट पाहिलीस, मग घेतली का नाहीस?"

ती स्कूटरवरून खाली उतरली. मग म्हणाली, "अगं, हात पुढे केला असता, पण वाटलं, ही भाकर मला तुझ्या बाबांच्या मरणानं मिळते आहे. ते असते तर दीदींनी दिली नसती. माझं मन तर तेच होतं ना, तेव्हाही?" तिनं पदरानं डोळे पुसले. "देव असा नाहीये. ते जाण्याची तो वाट पाहत बसला नव्हता." आणि मग माझा दंड घट्ट धरून म्हणाली, "नव्हता ना गं?"

देवाबद्दल तिनं मला कधी काही विचारलं नव्हतं. तिला सगळं ठाऊक असायचं. "नव्हता," मी म्हटलं, जरा जास्तच जोरात. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मला ते खरंच वाटतं का ते बघायला.