तीर्थपुरीचा हुरडा आणि सविताचा उपवास

हुरड्याला चल, असं सविता कधीपासून म्हणत होती. या जानेवारीत शेवटी गेले. आम्ही दोघी छत्रपती संभाजीनगरच्या एकाच कॉलेजात शिकवतो. ती मराठी, मी समाजशास्त्र. स्टाफरूममध्ये माझी खरी मैत्रीण ती एकच. तिचं माहेर जालना जिल्ह्यात, तीर्थपुरीजवळ. ती आदल्या दिवशीच पुढे गेली होती.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: जालन्याला उतरून अंबडची एसटी पकडा, अंबडहून तीर्थपुरीची. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खर्चाची सबब चालणार नाही. अंबडच्या स्टँडवर चहा बरा मिळतो. भजी खाऊ नका, मी खाल्ली आणि पस्तावले. पुढे रस्ता कंबर ढिली करतो. दुतर्फा ज्वारी आणि वेचून झालेली कपाशी.

शेजारच्या बाईंनी बस हलायच्या आत विचारलं, कुठल्या, कोणाकडं चालल्या, आडनाव काय. वर्गात मी हेच तर शिकवते. समोरच्याला कुठल्या खणात ठेवायचं हे ठरल्याशिवाय आपल्याला गप्पा मारता येत नाहीत. मी आडनाव सांगितलं. आम्ही बौद्ध. बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. सवय आहे, मीही दुसरीकडे बघितलं.

सविताच्या घरी मात्र कुणी काही विचारलं नाही, आणि मी मनातल्या मनात त्या बाईंना वेडावून दाखवलं. शेतात गोवऱ्यांची आगटी पेटलेली. तिचे वडील कणसं भाजून देत होते, आई हातावर चोळून गरम दाणे माझ्या ताटलीत टाकत होती. तिळाची चटणी, गूळ, दही. इतका कोवळा हुरडा मी आजवर खाल्ला नव्हता. सविताही तुटून पडली होती.

तेवढ्यात मला आठवलं, त्या दिवशी संकष्टी. काळजीपोटीच म्हणाले, अगं, तुझा उपवास ना?

तिची आई हसली. "हिचा कुठला उपवास बाई? जन्मात कधी धरला न्हाई हिनं. जरा उशीर झाला की डोकं धरून बसती."

सविताचा हात ताटलीतच थांबला.

ती माझ्या घरी नेहमी येते. दरवेळी तिचा उपवास असतो. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, काही ना काही. चहासुद्धा नको. मग माझी आई पुढे केळी ठेवते आणि ती खाते. रोटीव्यवहार हा धडा मी दरवर्षी रंगवून शिकवते. शिजवलेल्या अन्नाला शिजवणाऱ्याचा हात लागतो, सालीच्या आतलं फळ सुटतं. देणाऱ्याचं काही जात नाही, घेणाऱ्याचं जातं. धडा तोंडपाठ आहे, आणि तरी मला कळलं नव्हतं.

स्टँडवर सोडायला आली तेव्हा ती माहेरच्या बोलीतच बोलली. "तसं मनात काही न्हाई गं माझ्या. सवय न्हाई, एवढंच." आणि माझ्या आईसाठी म्हणून हुरड्याची पिशवी हातात दिली.

परतीच्या बसमध्ये मला तिचा प्रचंड राग आला, आणि रडूही. ती खोटं बोलत नव्हती, हे त्यातलं सगळ्यात वाईट. तिच्या मनात खरंच काही नसणार. मनात काही नसताना माणसं हे कसं करतात, यावर मी तासभर बोलू शकते. त्याचा मला त्या बसमध्ये काडीचा उपयोग झाला नाही.

तुम्ही जरूर जा. हुरडा उत्तम असतो आणि माणसं पोटभर खाऊ घालतात.

घरी आल्यावर आईला सांगावं की नाही ते ठरेना. आई निवृत्त शिक्षिका, सविताचं तिला भारी कौतुक. शेवटी सांगून टाकलं. ती हुरडा तव्यावर गरम करत होती.

"माहितीये मला," ती म्हणाली. "एवढी वर्षं उपवासाचं माणूस घरी येतंय. मी एकदा तरी साबुदाणा भिजवला का?"

मग केळी तरी का आणत होतीस, मी विचारलं.

"तुला मैत्रीण एकच आहे," आई म्हणाली आणि तिने गॅस बंद केला.